न दिसणारी ज्वाला आणि न घडलेला अपघात

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हायड्रोजनचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की काही वर्षांपूर्वी यंत्र अभियांत्रिकीची एक संशोधक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. पीएच.डी.चा विषय होता, हायड्रोजन ऊर्जा प्रणालींची विश्वासार्हता आणि सुरक्षितता. गणित पक्कं, प्रयोगशाळा चांगली, मार्गदर्शक जाणकार. अडचण वेगळीच होती. ती म्हणाली, "सर, माझ्या प्रबंधाच्या शेवटी एक आकडा येतो. वर्षाला अपघाताची शक्यता अमुक इतकी. हा आकडा मला माहीत आहे, असं मी म्हणू शकते का?"

आम्ही आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. 'माहीत असणं' म्हणजे काय, यावर तासन्‌तास बोललो. पण ज्याच्या उत्तरावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, असा प्रश्न आमच्या वर्गात क्वचितच आला. पुढची दोन-अडीच वर्षं ती अधूनमधून येत राहिली. आज आपण बोलणार आहोत ते बरंचसं त्या बैठकांमधून सुचलेलं आहे. अभियांत्रिकी तिच्याकडून शिकलेली. चुका असतील तर त्या आमच्या.

आधी हायड्रोजनची थोडी ओळख. हा वायू नवा नाही. वनस्पती तूप करताना तो तेलात सोडतात, खतासाठी अमोनिया करायला तो लागतो, आणि औष्णिक वीज केंद्रांतले मोठे जनित्र थंड ठेवायलाही तोच वापरतात. म्हणजे चंद्रपूर-कोराडीची वीज घरात येते, तेव्हा तिच्यामागे कुठेतरी हायड्रोजन काम करत असतो. जगात वर्षाला सुमारे दहा कोटी टन हायड्रोजन वापरला जातो. पण आजवर तो कुंपणाच्या आत राहिला. आत जाणारी माणसं प्रशिक्षित, फाटकावर काडेपेटी काढून घेणारा पहारेकरी. आता तो रस्त्यावर येतो आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातच हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली गेली; राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून ती केली होती. 2023 च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन, असं त्याचं उद्दिष्ट. कुंपणाबाहेर आलेल्या वायूचे नियम वेगळे असावे लागतात, कारण तिथे प्रशिक्षित माणूस नसतो, आपण असतो.

एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. ऐकायला छान वाटतं. पण तो एक किलो साध्या हवेच्या दाबाला सुमारे 12 घनमीटर जागा घेतो, म्हणजे एक छोटी खोलीच म्हणा ना. म्हणून तो दाबून भरावा लागतो. मोटारीच्या टाकीत 700 बार. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्याच्या तीनशे पट! शिवाय याचा रेणू सगळ्यांत लहान, जिथे दुसरा वायू अडेल तिथून हा निसटतो. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी पेटतो. स्वयंपाकाला पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूची ही कक्षा 5 ते 15 टक्के एवढीच. आणि पेटायला ठिणगी लागते ती सुमारे 0.02 मिलिज्यूलची. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढीसुद्धा पुरते. त्याच्या बाजूची गोष्ट एकच, पण मोठी: तो हवेपेक्षा चौदा पट हलका आहे. उघड्यावर असेल तर क्षणात वर निघून जातो.

हायड्रोजन म्हटलं की कुणीतरी हिंडेनबुर्ग विमानाचं, म्हणजे त्या वायुनौकेचं नाव काढतंच. 6 मे 1937, न्यू जर्सीतलं लेकहर्स्ट. नौकेवर 97 माणसं होती, त्यांतली 62 वाचली, हे मात्र कुणी सांगत नाही. असो. त्या चित्रफितीने या वायूची जेवढी बदनामी केली तेवढी कुठल्याही आकडेवारीने केली नसेल. आम्हाला आज तिथे थांबायचं नाही.

आम्हाला थांबायचं आहे ते ज्वालेपाशी. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही. म्हणून काजळी नाही, धूर नाही, पिवळा उजेड नाही. दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळपास दिसतच नाही, आणि तिची धगही लांबून फारशी जाणवत नाही. अमेरिकेत रॉकेटच्या तळांवर जुन्या काळी कामगार गळतीच्या संशयाच्या जागी समोर केरसुणी धरून चालत. केरसुणीचं टोक पेटलं, की समजायचं, इथे आग आहे. केरसुणी! चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात.

आता आमच्या विषयाकडे येऊ. न्यायशास्त्राचं पहिलं उदाहरण आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात आपण तसंच पाहिलेलं आहे. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. पण नैयायिक सावध लोक होते. उलट बाजूने, अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही, हे त्यांनी लगेच नोंदवलं आणि त्याला उदाहरण दिलं तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं, अयोगोलकाचं. तिथे अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी लपलेली अट, तिला त्यांनी नाव दिलं 'उपाधी'. ती विद्यार्थिनी हे ऐकून हसली आणि म्हणाली, "म्हणजे माझा अख्खा विषय अयोगोलकाचा आहे."

खरंच तसा आहे. तिच्या सेन्सरचंच घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घालतात, म्हणून नाकाला कळतं. फ्युएल सेलमध्ये वापरायच्या हायड्रोजनला ते करता येत नाही, कारण वासाच्या द्रव्यातलं गंधक सेलमधला उत्प्रेरक बिघडवतं. म्हणजे डोळा गेला, नाक गेलं, उरला सेन्सर. सेन्सर गप्प आहे याचा अर्थ गळती नाही, असा घ्यायचा का? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण त्याला एक अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल, तरच तिचं न दिसणं हे तिच्या नसण्याचं ज्ञान देतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. सेन्सर छताऐवजी भिंतीच्या मध्यावर बसवला असेल, किंवा वारा उलट्या दिशेने असेल, तर त्याचं मौन म्हणजे अंधाऱ्या खोलीतला घडा. तिच्या प्रबंधात एक मोठा भाग याच्यावर होता: सेन्सर कुठे, किती, आणि त्याच्या मौनाला किती किंमत द्यायची.

आता 'विश्वासार्हता' आणि 'सुरक्षितता' हे दोन शब्द. आपण ते जोडीने वापरतो, जसं काही सख्खी भावंडंच. पण ही दोन निराळी माणसं आहेत आणि त्यांचं नेहमी पटतं असंही नाही. प्रेशर कुकर बघा. त्याच्या झाकणावर शिट्टी असते आणि बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, जो जास्त तापला की वितळतो आणि वाफ सोडून देतो. मोटारीतल्या हायड्रोजनच्या टाकीलाही तसंच असतं. सुमारे 110 अंशांना ते उघडतं, म्हणजे गाडीला आग लागली तर टाकी फुटण्याऐवजी वायू निघून जातो. आता हा व्हॉल्व्ह फार हळवा केला तर तो उगीचच उघडेल. फार निबर केला तर वेळेला उघडणार नाही. 2007 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका वीज केंद्रात टँकरमधून हायड्रोजन उतरवून घेताना काय झालं? दाब मर्यादेतच होता, पण जास्त दाब झाला तर फुटावी म्हणून बसवलेली चकती वेळेआधी फुटली. वायू बाहेर आला, पेटला. टँकरचा चालक गेला, दहा जण जखमी झाले. संरक्षणासाठी बसवलेली वस्तूच अपघाताचं कारण झाली.

नॅन्सी लेव्हसन नावाच्या अमेरिकन विदुषींनी यावर फार नेमकं लिहिलं आहे. विश्वासार्हता हा सुट्या भागाचा गुण. सुरक्षितता हा सगळ्या व्यवस्थेचा. प्रत्येक भाग आपापलं काम चोख करत असताना व्यवस्था कोसळू शकते. ऐकायला हे शाब्दिक वाटतं. म्हणून दोन घटना जरा सविस्तर पाहू. दोन्ही 2019 च्या, तीन आठवड्यांच्या आत घडलेल्या.

10 जून 2019. नॉर्वेत ऑस्लोजवळ सांडविका इथलं क्योरबो, तिथे हायड्रोजन भरायचा पंप. संध्याकाळी तिथे स्फोट झाला. पंपावर कुणी मेलं नाही. जवळून जाणाऱ्या मोटारीत धक्क्याने एअरबॅग उघडल्या आणि दोघांना इजा झाली. नॉर्वेत काही काळ हायड्रोजनच्या मोटारींची विक्री थांबवण्यात आली. चौकशीत काय निघालं? उच्च दाबाच्या टाकीच्या तोंडाशी एक बूच होतं, बोल्टांनी आवळलेलं. बोल्टांची दोन वर्तुळं. बाहेरचे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेले होते, आतले नव्हते. आधी एक बारीक गळती सुरू झाली. तिने सील झिजवलं. गळती वाढली. ती बाहेर काढून द्यायला जे छिद्र ठेवलं होतं, त्याच्या आवाक्याबाहेर गेली. आत दाब साठला, सैल बोल्टांमुळे बूच उचललं गेलं, आणि वायू सुटला. ठिणगी कुठून आली ते सापडलंच नाही.

आता सांगा, यात कुठला भाग 'बिघडला'? बोल्टाचं पोलाद उत्तम होतं. सीलही वाईट नव्हतं. बोल्ट किती वर्षांत तुटतो याचे तक्ते उपलब्ध आहेत, पण बोल्ट आवळणारा माणूस कुठल्या वेळी दुसऱ्या कामाला उठून जातो, याचा तक्ता कुठे आहे? आमच्या विद्यार्थिनीने फॉल्ट ट्री नावाची आकृती काढलेली होती. वर अपघात, खाली कारणांच्या फांद्या, प्रत्येक फांदीला शक्यतेचा आकडा. ही पद्धत 1962 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांसाठी निघाली. सुंदर पद्धत आहे. पण तिच्यात तीच कारणं येतात जी काढणाऱ्याला सुचली. न सुचलेल्या कारणाची फांदी आकृतीत नसते, आणि नसलेल्या फांदीची शक्यता आपोआप शून्य धरली जाते. यावर आम्ही तिच्याशी बराच वेळ भांडलो. शेवटी तिनेच ते स्वच्छ मांडलं: "आकृती पूर्ण आहे हे आकृतीत कुठेच सिद्ध होत नाही."

दुसरी घटना आपल्या देशाला जास्त जवळची आहे. 23 मे 2019, दक्षिण कोरियातलं गांगनुंग. सौर विजेवर पाण्याचं विघटन करून हायड्रोजन बनवायचा, असा संशोधन प्रकल्प. तिथे साठवण टाकीचा स्फोट झाला. दोन जण गेले, सहा जखमी झाले. ही सगळी माणसं तिथली तंत्रज्ञ नव्हती. भेट द्यायला आलेले उद्योजक त्यांत होते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. इलेक्ट्रोलायझरमध्ये एका बाजूला हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, मध्ये पडदा. पडदा कितीही चांगला असला तरी थोडा वायू इकडचा तिकडे झिरपतोच. हे झिरपणं वीज कमी केली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, जवळपास तेवढंच राहतं. पण हायड्रोजनची निर्मिती मात्र विजेच्या प्रमाणात घटते. समजा, पूर्ण विजेवर 100 भाग हायड्रोजनमागे अर्धा भाग ऑक्सिजन झिरपतो. आभाळ आलं, वीज दहा टक्क्यांवर आली. आता 10 भागांमागे तोच अर्धा. म्हणजे शंभरी पाच. दुधात पाणी तेवढंच, दूधच कमी झालं! शुद्ध ऑक्सिजनशी मिसळलेला हायड्रोजन पेटण्याची वरची मर्यादा आहे सुमारे 94 टक्के. म्हणजे हायड्रोजनमध्ये 6 टक्के ऑक्सिजन शिरला की मिश्रण स्फोटक. गांगनुंगच्या टाकीत ऑक्सिजन त्या मर्यादेपलीकडे गेलेला होता. तो काढून टाकणारं उपकरण तिथे नव्हतं. स्थिर विजेची ठिणगी पुरली.

इथेही पडदा पडद्यासारखाच वागत होता. विजेचे तक्ते विजेसारखे. कुणी काही तोडलं नव्हतं. फक्त यंत्र ज्या भारावर चालावं असं गृहीत धरलं होतं त्याच्या खाली चालवलं गेलं, आणि सूर्यावर चालणाऱ्या यंत्राला हे रोज सकाळ-संध्याकाळ होणारच. आपल्याकडे हरित हायड्रोजन म्हणजे सूर्य आणि वारा. म्हणून आम्हाला वाटतं, या विषयावरचं प्रत्येक भारतीय प्रबंधाचं पान गांगनुंगच्या त्या टाकीवरून जायला हवं.

आता तिच्या आकड्याकडे परत येऊ. प्रयोगशाळेत तिने एक जोड, पंपाच्या नळीचं कपलिंग म्हणा, 300 वेळा जोडलं आणि काढलं. एकदाही गळलं नाही. प्रयोगशाळेतले सगळे खूश. पण 300 पैकी शून्य याचा अर्थ काय? संख्याशास्त्रात एक साधा अडाखा आहे, तीनचा नियम: एवढ्या वेळा काही झालं नसेल, तर 95 टक्के विश्वासाने इतकंच म्हणता येतं, की शक्यता तीन भागिले एवढ्या वेळा, यापेक्षा जास्त नसावी. 3 भागिले 300, म्हणजे शंभरात एक. पंपावर दिवसाला 50 गाड्या भरल्या, तर दर दोन दिवसांनी एक गळती. ही गोष्टही तिच्या 'शून्य' आकड्याशी पूर्ण सुसंगत आहे! लाखात एक असं म्हणायचं असेल तर तीन लाख वेळा जोडून-काढून बघावं लागेल, आणि तेही त्याच तापमानाला, त्याच हाताने नव्हे तर हजार वेगवेगळ्या हातांनी.

एवढा वेळ पीएच.डी.त कुणाकडेच नसतो. मग काय करतात? उसनवारी. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने 2009 मध्ये हायड्रोजनच्या उपकरणांच्या गळतीचे आकडे काढले, तेव्हा हायड्रोजनची माहिती तुटपुंजी होती. म्हणून त्यांनी तेल, वायू, रसायन या उद्योगांतली माहिती आधार म्हणून धरली आणि बेझच्या पद्धतीने हायड्रोजनच्या थोड्या अनुभवाने ती दुरुस्त केली. शेजारच्या मुलाच्या मापावरून आपल्या मुलाचे कपडे बेतायचे, आणि मूल घालून बघेल तसे उसवून नीट करायचे, असा हा प्रकार. यात गैर काहीच नाही. मात्र उसनं घेतलं आहे हे सांगावं लागतं. शिवाय हायड्रोजन धातूशी वागतो तसा दुसरा वायू वागत नाही. तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. 1875 मध्ये विल्यम जॉन्सनने रॉयल सोसायटीला हे कळवलं होतं: आम्लात बुडवलेली लोखंडी तार चटकन मोडते, आणि मोडलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बुडबुडे येतात. तेव्हा तेलाच्या नळाचं वय हायड्रोजनच्या नळाला लावताना ही उपाधी विसरून चालत नाही.

आकडा कुणाचा, हेही पाहावं लागतं. चॅलेंजर यान 1986 मध्ये कोसळलं. त्यात हायड्रोजन होता, पण दोष बूस्टरच्या रबरी कड्यांचा होता. चौकशीत फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांना असं आढळलं, की यान नष्ट होण्याची शक्यता अभियंते शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापक लाखात एक. यान एकच. आकड्यांत हजार पटींचा फरक.

आमच्या विद्यार्थिनीने शेवटी एक गृहीतक काढून टाकलं: 'यंत्र नेहमी ठरलेल्या भारावर चालतं.' त्याजागी ढगाळ दिवसांची प्रत्यक्ष नोंद घातली. आकडा बराच वाईट आला. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या कंपनीच्या माणसाने सुचवलं, की हे प्रकरण परिशिष्टात टाका. तिने टाकलं नाही. आमच्याकडे येऊन ती अर्धा तास काही बोललीच नाही, चहा गार झाला. मग म्हणाली, "सर, परिशिष्ट कोण वाचतं?" व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी तिला तोच प्रश्न विचारला, जो तिने आम्हाला विचारला होता: हा आकडा तुम्हाला माहीत आहे का? तिचं उत्तर होतं, नाही; पण तो कशाकशाने बदलेल आणि किती, ते मला माहीत आहे, आणि ते प्रकरण सातमध्ये आहे. प्रकरण सात म्हणजे तेच ते ढगाळ दिवसांचं.

वेळ होत आला. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय तो घेतो: "उद्या आमच्या सोसायटीत कुणी हायड्रोजनची गाडी आणली, तर तळघरातल्या पार्किंगमध्ये लावू द्यावी का?" प्रश्न चांगला आहे, कारण इथे आपली सवयच आडवी येते. स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याची जाळी खाली ठेवतात. हायड्रोजन वर जातो. तेव्हा जाळी हवी छताशी, आणि तीही सगळ्यांत उंच जागी. आपल्या तळघरांच्या छताला तुळया असतात. दोन तुळयांमध्ये जो खोलगट भाग राहतो, तिथे तो जाऊन बसेल, आणि खालचे पंखे कितीही फिरले तरी तिथली हवा हलणार नाही. तेव्हा सभेत होय-नाही करण्याआधी एक विजेरी घ्या, खाली जा आणि वर बघा. दिव्यांच्या वायरी आणि बटणं त्या खोबणींतूनच गेली आहेत का, तेही बघा. बहुतेक इमारतींत तशीच नेलेली असतात.